मेणावरचे गाणे

ओतूर,
ता. ३ फेब्रुवारी १९०७

चि. इंदर यास मोहनअक्काचे अनेक आशीर्वाद. जयजिनेंद्र.

भाकरी तव्यावर टाकली आणि मी उठले. थोरल्या जाऊबाई मागून ओरडल्या, अगं करपेल. पण तोवर मी पालाबाहेर होते. ओझरच्या जत्रेत आमचे कापडाचे पाल लागते आणि दुकानच्या माणसांचा स्वयंपाक आम्ही दोघी जावा मागच्या अंगाला करतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा आमच्या शेजारी पुण्याचा एक माणूस गाण्याचे यंत्र घेऊन बसला होता. सकाळपासून त्याचा कर्णा चालू होता. मी लक्ष दिले नव्हते. मग कर्णा म्हणाला, घागर विसरले काठाला, ऊन निघाले वाटेला.

इंदर, ते आपले गाणे. घोडेगावच्या घरी मागच्या पडवीत मी धान्य पाखडत चाल धरत असे आणि तू ज्वारीच्या पोत्यावर बसून शब्द जुळवत असायचास. तू नऊ वर्षांचा असशील. मी लोकांच्या गर्दीत डोक्यावरचा पदर धरून उभी राहिले. आमच्याकडे दूध घालणारी साळुबाई बरोबर आली होती. ती म्हणाली, ही बाई उपाशी बसवल्यावानी लई कळवळून गाती, हिला कुणी न्याहारी दिली न्हाई व्हय. लोक हसले. मीही हसले. पण पुन्हा पैसा देऊन तीच तबकडी लावायला सांगितली, ती नीट ऐकण्यासाठी.

बाईचा आवाज गोड आहे, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती वर जाते. तिथे वर जायचे नाही. वाटेला या शब्दावर सूप खाली येते आणि दाणे सुपात पडतात, म्हणून सूरही खाली येतो. तिला हे कुणी सांगितले नाही का? तू तिथे होतास का?

गाण्याच्या शेवटी ती घाईघाईने स्वतःचे नाव सांगते, ते कशाला? आमच्याकडे सगळे ठीक. थोरल्या भावजींचा खोकला कमी आहे. भाकरी करपली ती मीच खाल्ली.

कळावे. माया आहे तशी ठेव.
तुझी अक्का


मुंबई, काळबादेवी,
ता. ११ फेब्रुवारी १९०७

ती. अक्का हिस बालके इंदरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. हो, मी तिथे होतो. तिला सांगितलेही होते. ती म्हणाली, वर गेल्याशिवाय लोकांना गाणे संपल्याचे कळत नाही. तिचे नाव मोठे आहे आणि मी तिला व्हिक्टोरिया गाडीत बसवून आणणारा माणूस.

मी इथे काय करतो असे तू मागे विचारले होतेस, आणि मी कापडबाजारात आहे असे उत्तर दिले होते. ते आता अर्धेही खरे नाही. गेली चार वर्षे मी गाण्यांच्या धंद्यात आहे. प्रथम एका नाटक मंडळीला पदे लिहून दिली. मग एका कंपनीच्या माणसाने विचारले, तबकडीवर मावेल असे गाणे देता का. तबकडीवर तीन मिनिटे मावतात, जास्त नाही. मोठमोठ्या कवींनी हात टेकले. नाटकातले पद अर्धी घटका चालते आणि ते कुठे तोडावे हे त्यांना समजेना. मला समजले, कारण मी पाच वर्षे गजाने कापड फाडले आहे. कुठे फाडले तर काठ बिघडत नाही, एवढेच पाहायचे असते. आता गाणी मी लिहितो, गाणाऱ्या माणसांना मी शोधतो, त्यांना चहा पाजतो, त्यांची भांडणे सोडवतो आणि कंपनीच्या साहेबासमोर उभे करतो.

आता पुढचे ऐक. एका पारशी शेठबरोबर मी स्वतःच्या नावाच्या तबकड्या काढणार आहे. जर्मनीतला एक कारखाना त्या छापून देईल. गाणे उतरवून घेणारा साहेब एप्रिलमध्ये पुण्यात येणार आहे. तिथे लष्कर भागात एक बंगला भाड्याने घेतला आहे.

लोक मला विचारतात, तुमच्या चाली कुणाच्या? मी म्हणतो, घोडेगावच्या. त्यांना वाटते घोडेगाव हे एखाद्या बुवांचे नाव असावे.

अक्का, तू ये आणि गा. माझी पहिली तबकडी तुझ्या आवाजाची असावी असे मनात आहे. त्या बाईने चुकवलेली ओळ तुझ्याशिवाय कुणाला नीट म्हणता येणार नाही. शेवटी नाव सांगतात ते कारखान्यासाठी. तिथल्या लोकांना आपली भाषा येत नाही. नाव कानी पडले नाही तर एकीच्या गाण्यावर दुसरीची चिठ्ठी चिकटवतील.

थोरल्या भावजींना व जाऊबाईंना जयजिनेंद्र. उत्तराची वाट पाहणारा,
इंदर


ओतूर,
ता. २० फेब्रुवारी १९०७

चि. इंदर यास अनेक आशीर्वाद.

तुझा धंदा वाचून थोरल्या जाऊबाईंनी गालाला हात लावला. त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवले नसते तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, म्हणजे हा आता वाऱ्याचा व्यापार करतो. मी म्हटले, तोटा तरी डोळ्यांना दिसणार नाही. तुझ्यावर राग कुणाचा नाही, कोडे मात्र सगळ्यांना पडले आहे.

गाण्याचे म्हणशील तर ते व्हायचे नाही. मी गेली नऊ वर्षे गायलेली नाही. प्लेगच्या साली हे गेले, त्यानंतर नाही. गल्लीत हळद असली की बायका गातात आणि मी आतल्या घरात डाळ निवडत बसते. मला कुणी बोलावत नाही, आणि बोलावले नाही म्हणून मी कुणाला बोल लावत नाही. तशी रीत आहे. पण तू म्हणतोस तसा आवाज आता असेल की नाही, हेच मला माहीत नाही. न वाजवलेले भांडे कसे वाजते ते कसे सांगावे?

शिवाय थोरले भावजी. गेल्या नऊ वर्षांत ते मला कधी उणे बोलले नाहीत. खरे तर ते माझ्याशी बोललेच नाहीत, कारण जेठाने भावजयीशी बोलायचे नसते. जे सांगायचे ते जाऊबाईंना सांगतात, त्या जवळ नसतील तर खांबाला सांगतात, आणि मी पदराआडून ऐकते. अशा माणसाच्या घरातली विधवा भावजय पुण्याला जाऊन साहेबासमोर गायली, हे मी त्या खांबाला कसे सांगू?

एक मात्र विचारते. गाणाऱ्या माणसाला स्वतःचे गाणे ऐकू येते का? म्हणजे त्या यंत्रातून, दुसऱ्याला येते तसे? आजवर मी माझा आवाज आतूनच ऐकला आहे. बाहेरून तो कसा लागतो, हे एका माणसाने ऐकले होते आणि तो माणूस आता नाही.

हे सहज विचारले. त्यावरून मी येते असे समजू नकोस.

प्रकृतीस जप. जेवताना पुस्तक वाचू नकोस.
तुझी अक्का


(कार्ड)

मुंबई,
ता. १ मार्च १९०७

ती. अक्कास सा. न. वि. वि. आज घाईत आहे म्हणून कार्डावरच लिहितो. तू गायला ये. नाव कोणतेही सांग, मोहनबाई म्हण किंवा काहीच म्हणू नकोस, मी चिठ्ठीवर बाई घोडेगावकर लिहीन. ओतुरात कुणाला कळणार नाही. साहेब ता. १० एप्रिलपासून पुण्यात आहे, ता. १७ ला रात्रीच्या गाडीने निघेल. तुझ्या प्रश्नाचे उत्तर: स्वतःचे गाणे ऐकता येते, पण पाच महिन्यांनी. गाणे मऊ मेणाच्या पाटीवर कोरले जाते, ती पाटी पेटीत घालून आगबोटीने जर्मनीला जाते, तिथे तबकड्या होतात आणि मग परत येतात. मेणाची पाटी लगेचही वाजवता येते, पण एकदा सुई फिरली की मेण खरवडते आणि तिच्यावरून तबकडी होत नाही. म्हणून ते कुणी करत नाही. पाच महिने धीर धर. गाणे माझ्याकडून दिवाळीची भेट समज. इंदर


ओतूर,
ता. १२ मार्च १९०७

चि. इंदर यास अनेक आशीर्वाद.

तू कार्ड पाठवलेस! अरे शहाण्या, ओतुरात कार्ड म्हणजे दवंडी. पोस्टमनने ते चिमाजी शिंप्याच्या ओट्यावर बसून वाचले, चिमाजीने दुकानात आणून देताना वाचले, दुकानात मुनिमांनी वाचले, आणि शेवटी थोरल्या भावजींनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचले. पत्ता लिहिलेली बाजूसुद्धा. मग ते जाऊबाईंच्या हाती आत आले. ओतुरात कुणाला कळणार नाही, हे त्यावरच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी साळुबाईने दूध ओतता ओतता विचारले, बाई, तुमी म्हनं मेनावर गानार. ते वितळत न्हाई का?

तीन दिवस भावजींचे सगळे नेहमीसारखे चालले. सकाळी सामायिकाच्या ध्यानाला बसत, दुकानात जात, जेवून जात. चौथ्या दिवशी जेवताना ते जाऊबाईंना म्हणाले की पुण्यात डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर आला आहे, तुम्ही डोळे दाखवून या. जाऊबाई म्हणाल्या, माझ्या डोळ्यांना काय झाले, मी अजून सुईत दोरा ओवते. त्यावर ते म्हणाले की डोळे अधू आहेत असे मी म्हटले म्हणजे आहेत. आणि एकट्या कशा जाल, सोबत कुणीतरी लागेल. एवढे बोलून त्यांनी ताक प्यायले, उठले, आणि दारापाशी थांबून खांबाकडे पाहत म्हणाले की तारीख कार्डावर आहेच.

जाऊबाई अजून फणफणत आहेत. ओसरीवर आल्या-गेल्याला सुई ओवून दाखवतात.

तेव्हा मी येते. गेणभाऊचा टांगा ठरला आहे. आम्ही मंचरला मुक्काम करू आणि ता. १५ ला संध्याकाळी पुण्यात पोहोचू.

पण इंदर, एक गोष्ट आधीच सांगते. मला पाच महिने नकोत. तबकडी ओतुरात आली तर ती वाजणार कुठे? जत्रेत, पैसा घेऊन, लोकांच्या घोळक्यात. तिथे मी पदर धरून उभी राहणार आणि साळुबाई म्हणणार, हिला न्याहारी दिली न्हाई. मला ती तिथे, त्याच खोलीत ऐकायची आहे. मेणाचे काय होते ते तू लिहिलेस, आणि ते मला समजले आहे. तू विचार करून ठेव.

तुझी अक्का


मुंबई,
ता. २४ मार्च १९०७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे बंद पाकीट आहे. वरच्या काठाला लाखही लावली आहे.

तू येतेस हे वाचून मी शेठच्या दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. शेठने पेढे खाल्ले आणि कारण विचारले. मी म्हटले, पहिली तबकडी मिळाली. त्याने लगेच जर्मनीला पत्र लिहिले की अमुक क्रमांक राखून ठेवा. तुझ्या तबकडीचा क्रमांक एक आहे, अक्का. चिठ्ठीवरचे चित्रही तयार होऊन आले आहे.

ऐकण्याचे म्हणतेस ते समजले. पण मी सांगतो ते ऐक. मी दोन पाट्या करून घेईन. एक तुला ऐकायला, एक जर्मनीला. तू दोनदा गा म्हणजे झाले. यात कुणाचेच काही जात नाही. तू फक्त वेळेवर ये, कारण पाट्या मोजक्या असतात आणि नाटकवाले त्यांवर डोळा ठेवून असतात.

घसा जप. ताक पिऊ नकोस. जाऊबाईंच्या डोळ्यांना आराम पडो.
इंदर


मुंबई,
ता. २२ एप्रिल १९०७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू पुण्याहून गेलीस ती घाईत. टांगा हलला तेव्हा मला जे बोलायचे होते ते राहिले. शिवाय गाताना तू कर्ण्याकडे तोंड करून होतीस आणि मी तुझ्या मागे होतो. माझ्या बाजूने काय झाले ते तुला दिसले नाही. म्हणून लिहितो.

टांग्याचा आस खेडला मोडेल हे कुणाच्या मनात होते? पंधराला येणार होतीस ती सतराला दुपारी आलीस. गेणभाऊ सांगत होता की लोहाराच्या दारात दीड दिस बसलो राव. तोवर साहेबाचे सामान बांधून होत आले होते. मी त्याच्या मिनतवाऱ्या केल्या. मेण मऊ ठेवणाऱ्या उबेच्या कपाटात एकच पाटी उरली होती. एकच. ती त्याने तुझ्यासाठी म्हणून नव्हे, तर बांधायला पेटी कमी पडली म्हणून मागे ठेवली होती.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या गोधड्या पाहून जाऊबाई म्हणाल्या की साहेबाकडे पाहुणे फार दिसतात. मला त्या वेळी हसू आले नाही. आता येते.

कर्ण्यासमोर गाणाऱ्याच्या मागे एकाला उभे राहावे लागते. सूर उंच गेला की गाणाऱ्याला खांदे धरून मागे ओढायचे, खाली आला की पुढे न्यायचे, नाहीतर सुई उडते. हे काम मी शंभर जणांचे केले असेल. बुवांचे खांदे, नायकिणींचे खांदे. त्या दिवशी तुझे धरले. तू बाजाची पेटी नको म्हणालीस, तबला नको म्हणालीस. साहेबाने सुरू कर म्हणून हात खाली केला. तू काहीच केले नाहीस. मेण फिरत होते आणि वाया जात होते. मला वाटले, संपले. मग तुझे खांदे हलू लागले, वर आणि खाली. तुझे हात रिकामे होते, पण तू पाखडत होतीस. आणि त्या हलण्यातून तू सुरू केलेस.

मी तुला एकदाही ओढले नाही. गरज पडली नाही. वाटेला म्हणताना तू खाली आलीस, आणि मी पोत्यावर बसलो होतो.

शेवटी नाव सांगायचे तेव्हा तू थांबलीस. मी कानात म्हटले, मोहनबाई म्हण. तू पदर सारखा केलास आणि ओतूरच्या नदीचे नाव घेत म्हणालीस:

मांडवीच्या काठाला वारा सुटला मंद,
माझे गाणे ऐकायचे एकटे सुभाषचंद.

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. विधवेने उखाण्यात नवऱ्याचे नाव घेतलेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांचे नाव तुझ्या तोंडून मी त्याआधीही कधी ऐकले नव्हते. साहेबाने सुई उचलली आणि मला विचारले की शेवटी काय बोलली. मी म्हटले, नाव सांगितले. तो म्हणाला, एवढे लांब? मी म्हटले, आमच्या तालुक्यात एवढेच असते.

मग तू वळलीस आणि म्हणालीस, इंदर, आता लाव.

साहेब नाही म्हणाला. त्याने मला सांगितले की आठवडाभरात उतरलेली ही सगळ्यांत स्वच्छ पाटी आहे, या बाईला कळत नाही, तिला समजावून सांगा. मी म्हटले, तिला वाचता येते आणि तिला कळते. शेठने माझा दंड धरला. तुला हे दिसले, पण त्याचे बोलणे समजले नसेल. तो म्हणत होता की क्रमांक एक राखून ठेवला आहे, जर्मनीला काय कळवू.

मला वाटले होते मी नाही म्हणेन. साहेबाच्या मिनतवाऱ्या करतानाच तसे ठरवलेही होते. एकच पाटी उरली आहे, तू परत आलीस की दहा पाट्या देतो, असे सांगणार होतो. पण तू शेवटी जे बोललीस ते विकण्याचे नव्हते. आणि गाणे त्याच्यापासून तोडून काढता येत नव्हते. कुठे फाडावे ते मला कळते असे मी तुला लिहिले होते. इथे कळेना. मी साहेबाला म्हटले, वाजव. त्याने मला दोनदा म्हणायला लावले.

तू कर्ण्याजवळ कपाळ नेऊन ऐकत होतीस. तुझी पाठच मला दिसत होती. दुसऱ्यांदा लावले तेव्हा नुसती खरखर आली, आणि तू म्हणालीस, पुरे.

शेठ पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. कर्जतला त्याने माझ्या वाटणीचे खजूरही खाल्ले. कल्याणला म्हणाला, तू धंदा करणारा माणूस नव्हेस. ठाण्याला म्हणाला, पण आवाज काय होता. भागीदारी राहिली आहे. क्रमांक एकवर दुसऱ्या एका बाईचे गाणे जाईल. पुण्यातच आधी उतरवले होते. तेच गाणे, आणि या बाईने माझे ऐकले, सूप खाली आणले. शेवटी ती स्वतःचे नाव सांगते आणि चाल मोहनबाईंची असे म्हणते. असे आजवर कुणी कुणाबद्दल म्हटलेले नाही. तुला नको असेल तर कळव, ती तबकडी विकणार नाही, घरातच ठेवीन.

पुढच्या थंडीत साहेब पुन्हा येणार. तेव्हा ये. पाट्या मी आधीच मोजून ठेवीन.

तू काय ऐकलेस, ते मात्र मला लिही.
इंदर


ओतूर,
ता. ३० एप्रिल १९०७

चि. इंदर यास अनेक आशीर्वाद. जयजिनेंद्र.

पाकीट न फुटता मिळाले. येताना खेडला लोहाराने गेणभाऊला रामराम केला आणि आणखी काही मोडले का म्हणून विचारले. बाकी प्रवास सुखाचा झाला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही गेलोच नाही. पण जाऊबाईंनी मंचरच्या बाजारात एक चष्मा घेतला. त्याला नुसत्या काचा आहेत. तो लावून त्या घरात आल्या. भावजींनी विचारले, आता दिसते का? त्या म्हणाल्या, पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसते. त्या आता तो रोज लावतात.

तू विचारलेस, मी काय ऐकले. पहिल्यांदा वाटले ही दुसरीच कुणी आहे. माझ्याहून मोठी, जरा थकलेली. वाटेला म्हणताना ती खाली आली, तिथे तिचा आवाज खरखरला. थोडा. दुकान बंद झाले की हे माडीवर येत, आणि मी गात असे, हळू, खाली ऐकू जाणार नाही असे. हे म्हणत की तुझ्या खालच्या सुराला जरा वाळू लागते. मला राग येई. मी म्हणे, वाळू तुमच्या कानात आहे. सहा वर्षे आम्ही यावरून भांडलो. इंदर, वाळू आहे. हे खरे बोलत होते. मी ती ऐकली, आणि मग माझे ऐकणे झाले.

तू समजला होतास की रीत म्हणून मी गाणे सोडले. मीही तसेच सांगत आले. रीत हळदीपुरती आहे. घरात गुणगुणायला मला कुणी अडवले नव्हते. ऐकणारे कुणी नव्हते म्हणून मी सोडले. हे मला त्या खोलीत, नाव सांगायच्या वेळी कळले. उखाणा मी आधी ठरवलेला नव्हता. तुझी पाटी गेली याचे मला वाईट वाटते. ऐकले याचे वाटत नाही. दोन्ही खरे आहे.

पुढच्या थंडीला मी येणार नाही. रागावू नकोस. त्या दिवशी जे गायले ते एकाच्यासाठी होते आणि ते पोहोचले. दुसरे गायला लागले तर ते कुणासाठी, हे मला अजून माहीत नाही. पण चाली तुला देत राहीन. इथे दोन नव्या मनात आहेत. त्या बाईला घेऊन तूच इकडे ये, साहेबाला आणू नकोस. ती माझे नाव घेते तर घेऊ दे. जत्रेत ऐकले तर साळुबाई काय म्हणेल ते तुला कळवीन.

आंबे यंदा कमी आहेत. जाऊबाई तुला कैरीचा मुरंबा पाठवणार आहेत, तो शेठलाही दे, म्हणजे तो पुन्हा तुझे खजूर खाणार नाही.

एकटे जेवू नकोस. आम्हांला विसरू नकोस.
तुझी अक्का

ता. क. हे पत्र काल लिहून ठेवले होते, पेटीत टाकायचे राहिले. काल संध्याकाळी मी जाऊबाईंना म्हटले की उद्या जात्यावर मी काही म्हणेन, तुम्हांला चालेल का. भावजी ओसरीवर होते. आपल्याकडे अंधारात जाते फिरवत नाहीत, किड्यामुंगीचा जीव जाईल म्हणून; उजाडल्यावर धान्य पाहून, जाते झाडून मग दळायचे, आणि दुकानाच्या फळ्या उघडण्याची वेळही तीच. फळ्यांच्या आवाजात आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यात माझे काही ऐकू गेले नसते, म्हणून मी निर्धास्त होते. आज उजाडल्यावर मी दळायला बसले आणि गायले. मुनीम दुकानाची किल्ली मागायला आले, ती भावजींनी दिली नाही. दळण संपल्यावर दुकान उघडले.